फाटकाशी दोन मिनिटं

तुमच्या आबांना कुणाच्याही घरून निघता येत नसे. जाता उत्तम येत असे. बोलावलेल्या वेळेच्या आधीच पोचून ते लोकांना टॉवेलवर गाठत. पण परत निघणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. "चलो, निघतो मग," असं म्हणत ते सोफ्यावरून उठले, की मी समजायची, निम्मी भेट झाली, निम्मी उरली.

रेवा, ईशान, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, तिकीट काढलेलं असताना आजी बाबांबरोबर का आली नाही. तुमच्या बाबांना मी उत्तर दिलं आहे, पण ते त्यांना पटलेलं नाही. तुम्हाला ते नीट कळायचं तर आधी आबांची ही खोड सांगायला हवी.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. घंटा झाली की तास संपतो, यावर माझा आयुष्यभर विश्वास. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, की फॅक्टरीचा भोंगा वाजून सगळे घरी पोचले तरी हे आपले गेटवरच्या दरबानाचा निरोप घेत उभे.

कुणाकडे गेलो की सोफ्यावरून उठून ते दारापर्यंत येत. तिथे एक पाय चपलेत, एक बाहेर, आणि नवा विषय सुरू. मग फाटक. फाटकाशी मात्र मुक्कामच पडे. मी पर्स मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसलेली, आणि हे हँडल धरून उभे.

"मॅडम, घंटा झाली का?" मला विचारत.

"कधीच झाली."

"बस, दोन मिनिटं. काहून घाई करून राहिल्या?" आणि मग यजमानांकडे वळून, "हं, आणि एक राहिलंच."

एकदा सदर भागात त्यांच्या एका मित्राच्या दाराशी स्कूटर सुरू करून ते बोलत राहिले, ते पेट्रोल संपेपर्यंत. मला वाटलं, आता तरी शरमतील. ते उलट खूश झाले. "आता तर बसावंच लागते," म्हणाले, आणि आम्ही तिथे दुसऱ्यांदा जेवलो.

आमच्या राइट टाउनच्या घरी कुणी आलं तरी तेच. पनागरचे त्यांचे एक स्नेही हिवाळ्यात पिशवीभर मटार घेऊन यायचे. ते "निघतो" म्हणाले की मी परात घेऊन पायरीवर बसत असे. त्यांची गाडी सुरू होईपर्यंत सगळे मटार सोलून होत. यात अतिशयोक्ती नाही, मला अतिशयोक्तीची सवय नाही.

तुमचे बाबा कॉलेजला पुण्याला निघाले, तेव्हा आम्ही स्टेशनवर गेलो. आबांनी बर्थखाली सामान लावलं, निरोप घेतला, खाली उतरले. गाडीची शिटी झाली आणि हे म्हणाले, "हं, एक राहिलंच," आणि पुन्हा चढले. गाडी सुटली. मी फलाटावर उभी, स्कूटरची किल्ली ह्यांच्या खिशात. ऑटो करून घरी आले. बऱ्याच वेळाने, गाडी पुढे जिथे थांबली त्या नरसिंहपूरहून फोन आला.

"काय राहिलं होतं एवढं?" मी विचारलं.

"लोणच्याची बरणी उभी ठेव, हे सांगायचं होतं."

तिथून बसने परत यायलाही त्यांना उशीर झाला, कारण ज्या दुकानातून फोन केला, त्या दुकानदाराशी ओळख झाली होती. नरसिंहपूरपर्यंत बाप-लेक काय बोलले, ते दोघांनीही मला आजतागायत सांगितलेलं नाही. बरणीवर तेवढा वेळ जात नाही.

तुमच्याशी फोनवर काय व्हायचं ते तुम्हीच आठवा. तुम्ही "बाय आबा" म्हणालात की इकडे "एक राहिलंच" सुरू. ईशान, तू तर फोन टेबलावर उताणा टाकून खेळायला पळायचास. मग आम्हाला तुमच्या घराचं छत दिसे, आणि आबा त्या छताला विचारत बसत, "थंडी आहे का रे? टोपी घातली का?" मी म्हणायची, अहो, तिकडे कुणी नाही. ते म्हणायचे, "येईल ना."

त्यांच्या फॅक्टरीतले मित्र दुबेजी तुम्हाला माहीत आहेत, सदरहून स्कूटरवर येतात ते. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा ते संध्याकाळी आले आणि तासभर क्रिकेटवर बोलून उठले. मी पानं मांडली. वरण गरम केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर दोघे फाटकाशी. दुबेजींनी हेल्मेट घातलेलं, आणि हेल्मेटच्या आत रुमाल घालून ते डोळे पुसत होते. आबा त्यांच्या स्कूटरचं हँडल धरून नुसते उभे.

आत आल्यावर म्हणाले, "भाभीचा रिपोर्ट चांगला नाही आला."

"मग आत तासभर क्रिकेट कशाला?"

"मॅडम, बैठकीत माणूस 'सब बढ़िया' सांगते. पाय बाहेर पडला की खरं निघते. आपण झटकन फाटक लावून घेतलं, तर तो ते घेऊनच घरी जाते ना."

म्हणणं चांगलं होतं. वरण मात्र मला पुन्हा गरम करावं लागलं.

आणि असा माणूस स्वतः कसा गेला? दुपारी, व्हरांड्यातल्या खुर्चीत. "चहा टाका," म्हणाले. मी चहा घेऊन आले तोवर निघून गेले होते. ना चपला, ना फाटक, ना "एक राहिलंच". भाजीवाल्याचा निरोप घ्यायला ज्याला अर्धा तास लागे, त्याने माझ्याच बाबतीत एवढी टापटीप दाखवावी, याचा मला अजून राग आहे.

तुमचे बाबा आले. दिवसकार्य झालं. मी आता एकटीने इथे राहू नये, त्यांच्याबरोबर तुमच्याकडे यावं, असं त्यांनी ठरवलं, आणि मी "ठीक आहे" म्हटलं. तिकीट निघालं, कपाटं आवरली, ती मीच आवरली. लोक भेटायला येत. मी सगळ्यांना सांगे, मुलाकडे जाते आहे, तिथे सगळी सोय आहे. सगळे म्हणत, फार छान. वेळेवर उठत आणि वेळेवर जात. जन्मभर मला हव्या होत्या, अगदी तशा भेटी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दुबेजी आले. आता तेही एकटेच असतात.

"भाभीजी, वहाँ बच्चों में मन लग जाएगा," ते म्हणाले.

"हाँ, क्यों नहीं," मी म्हटलं.

चहा झाला. ते उठले. पोचवायला फाटकापर्यंत कुणीतरी जायला हवं, म्हणून मी गेले. त्यांनी हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली. मला फक्त कडी लावायची होती. ती हातात धरून मी उभी राहिले.

"दुबेजी, एक बात रह गई."

हे वाक्य माझं नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पण आलं माझ्याच तोंडून.

"बोलिए."

"मुझे नहीं जाना है. मुझे यहीं रहना है."

दुबेजींनी स्कूटर बंद केली. स्टँडवर लावली. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. कशाचीही घाई नाही, जणू कुणीतरी त्यांना हे शिकवून ठेवलं होतं.

"बेटे को बताया?"

"अभी तो मुझे ही पता चला."

फाटकाच्या पलीकडे ते उभे, अलीकडे मी. मग मी बोलत गेले. काय बोलले ते तुम्हाला सांगणार नाही. नरसिंहपूरपर्यंतचं मला तरी कुणी सांगितलं आहे?

आतून तुमच्या बाबांचा आवाज आला. "आई, वरण थंड होतंय. किती वेळ उभी आहेस फाटकाशी?"

"आले," मी म्हटलं. "दोन मिनिटं."