परक्या नावाने बोलणाऱ्या यजमानाची बखर

श्रीविघ्नहर्त्यास नमन, अखंड विजेस नमन, आणि घड्याळाचे काट्यांस दुरून नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास अद्यापि तेथेच चाकरी करणे आहे.

त्या राज्यात सरकारी दवाखाना थोर, आणि दवाखान्याचे दारातच जन्ममृत्यूची कचेरी असे. मूल जन्मले की चिठ्ठी येई आणि घटकेचे आत वहीत चढे, माणूस गेला तरी तैसेच. पूर्वी तास हाताने लिहीत. मग आया, आत्या, मामे येऊन कारकुनास म्हणत, "भाऊ, वीस मिनिटं अलीकडे घ्या, म्हणजे मूळ नक्षत्र टळेल," आणि कारकून मायाळू, ते घेत. ऐसे करिता एके वर्षी अवघ्या राज्यात मूळ नक्षत्रावर एकही मूल जन्मले नाही, तेव्हा सरकारास संशय आला. मग हुकूम जाहला की तास माणसाचे हाती असो नये. कोणी परदेशी कारागीर आणवून वही यंत्रात घातली, आणि ऐसे केले की नाव माणसाने लिहावे परंतु तास वहीने आपले घड्याळातून आपणच घ्यावा. त्या वहीवर द्वारकाबाई सबनीस बसत. सत्तावीस वर्षे बसल्या. बाई बोलावयास तिखट, रजा घेणे ठाऊक नाही, आणि गर्व एकच, की माझे वहीत खोटी ओळ नाही.

आता वाचणारास यंत्राचे वर्म सांगतो. सर्व्हर म्हणून लोखंडी पेटी असते, आणि तिचे पोटात देहावाचून असणारी कित्येक यंत्रे नांदतात, आणि प्रत्येकास वाटते की अवघी पेटी माझी. त्यांस नांदविणारी जी सत्ता तीस जाणते लोक हायपरवायझर म्हणतात. आम्ही यजमान म्हणू, आणि नांदणारास पाहुणा म्हणू. द्वारकाबाईंची वही ऐसाच एक पाहुणा. जुन्या यजमानाने पाहुण्याचे घरात आपले हुजरे ठेविले होते, ज्यांस गेस्ट टूल्स म्हणतात. हुजऱ्यांचे काम ऐसे, की मागील चोरदारी जावे, हाक मारावी, यजमानाने आपले नाव सांगावे, नाव पटले तर तास विचारावा आणि तो आणून वहीचे घड्याळ लावावे. नाव न पटले तर हुजऱ्यांनी मुकाट बसावे.

पुढे जुन्या यजमानाचे मालकांनी राज्याशी करार मोडिला आणि आपली पेटी उचलून नेली. मग नवा यजमान आणिला. तो गुणी, चपळ, कोणाचा मिंधा नाही. वही घरादारासकट त्याचे येथे उतरली, हुजरेही आले. हुजरे चोरदारी गेले, हाक मारिली, नव्याने आपले नाव सरळपणे सांगितले, आणि हुजरे बसले ते उठेनात. घर हलविताना वहीचे घड्याळ सहा मिनिटे थांबले होते, ते तितकेच मागे राहिले. हाताने लावावे तर त्या घराची आतली किल्ली परदेशी कारागिरांजवळ, आणि कारागीर कोठे गेले हे कोणास ठाऊक नाही. द्वारकाबाई यंत्रशाळेत आल्या. तेथील मुख्य यमाजीपंत हर्डीकर, विद्वान, सावकाश, डोळ्यांवर दोन चष्मे. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पंत, मला नवं यंत्र नको, खुर्ची नको, काही नको. माझा तास मला खरा द्या. सहा मिनिटांचं खोटं रोज माझ्या हातून सरकारच्या नावानं लिहवून घेताय तुम्ही."

पंतांस लाज वाटली. हुजरे बदलत नाहीत, तर यजमान बदलावा, ऐसा त्यांनी निश्चय केला. नव्या यजमानाने चोरदारी जुन्याचे नाव सांगावे, जुन्याचे बोलीत उत्तर द्यावे, म्हणजे हुजरे उठतील. जुनी पेटी तर गेली होती, मग पंतांनी तिचे मालकांच्या पोथ्या मिळविल्या आणि आठ महिने त्या पोथ्यांवर बसले. कोणते दार, कोणती खूण, हुजऱ्याने अमुक म्हटले तर यजमानाने तमुक म्हणावे, अक्षर न अक्षर उतरविले. पहिल्याने नाव लाविले तो त्याच पेटीतील दुसरे पाहुणे, जे नव्यास नव्या नावाने ओळखत होते, ते परके नाव ऐकून रुसले आणि हातपाय गाळून बसले. मग वहीस एकटीस निराळी पेटी दिली. मग हुजरे उठले आणि कोसळले, पुन्हा उठले आणि पुन्हा कोसळले. ऐसे आठ महिने. पंत म्हणत, "आपलं नाव टाकून दुसऱ्याचं घेणं माणसाला जमत नाही, आणि हा बिचारा माझ्या सांगण्यावरून घेतो आहे." मी ते आपले कानाने ऐकिले आणि हसलो, त्याची आता लाज वाटते.

कार्तिक शुद्ध पंचमी, रोज बुधवार, दोन प्रहरी बाराचे ठोक्यास नव्या यजमानास परके नाव देऊन दार उघडिले. हुजरे गेले, हाक मारिली, नाव पटले, तास विचारिला, तास मिळाला. यंत्रशाळेत एकच हर्ष जाहला. कोणी पंतांचे पाया पडले, पेढे आले. इकडे कचेरीत एक चिठ्ठी आली. लुमाजी गवंडी म्हणून माणूस, त्याची बायको सगुणा सकाळी बाळंत जाहली होती, मुलगी दहा वाजून दहा मिनिटांनी वहीत चढली होती, ती मुलगी गेली. द्वारकाबाईंनी बारा वाजून पन्नासावे मिनिटी ती नोंद आपले हाताने वहीस दिली. वहीने "पोचले" म्हणून उत्तर केले. बाईंनी लुमाजीचे चिठ्ठीवर शिक्का मारिला आणि म्हणाल्या, "जा बाबा. झाली नोंद." तो गेला. मग बाईंनी मान वर केली तो भिंतीवर एक वाजावयास आलेला आणि वहीचे घड्याळात सकाळचे साडेसात.

बाई धावत यंत्रशाळेत आल्या. "पंत, माझी सकाळ झाली परत! हे काय केलंत?" पंतांनी पाहिले आणि कपाळास हात लाविला. पोथीत लिहिले होते की यजमानाने हुजऱ्यास विलायती तास सांगावा. पंतांनी पोथीबरहुकूम विलायती तास सांगितला, म्हणजे साडेपाच तास मागील. आणि या राज्यात जुना यजमान पोथीप्रमाणे कधी वागलाच नव्हता. फार वर्षांपूर्वी कोणी चाकराने, आपला सूर्य येथे उगवतो तर विलायतेचा तास कशास, ऐसे म्हणून त्याचे घड्याळ येथील तासावर लाविले होते आणि कोठे लिहून ठेविले नव्हते. पंतांनी यजमानाची पोथी शिकली आणि यजमानाची खोड शिकली नाही. मग तास ठीक केला, आणि दोघांनी मिळून वहीचे त्या दिवसाचे पान वरून खालपर्यंत पाहिले, की साडेसाताचे आसपास खोटी ओळ कोणती पडली. एकही नव्हती. बाई खाली बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाचले." तेव्हा उरलेले पेढे वाटले. त्यांनी खोटी ओळ शोधिली, नसलेली ओळ शोधिली नाही. आम्ही सारे तेथे होतो, एकासही सुचले नाही. पेढे मात्र सर्वांनी खाल्ले.

आणि पंतांनी भयाने ऐसा बंदोबस्त केला, की यजमानाने एकदा सांगितलेल्या तासाचे मागील तास पुन्हा कधी सांगो नये. तो बंदोबस्त मोडण्याची किल्ली आपणाजवळही नको म्हणून आपले हाताने पुसून टाकिली.

मार्गशीर्ष वद्य तृतीया, रोज बुधवार, लुमाजी आणि सगुणा कचेरीत आली. हाती कागद. वही दर मुलास सहा आठवड्यांनी आपणच कागद धाडी, त्याप्रमाणे गेला होता, की बालकास लस टोचणे आहे, घेऊन यावे.

लुमाजी म्हणाला, "बाईसाब, ह्ये कुनाला धाडलंया? तुम्हीच तर शिक्का मारला व्हता."

बाईंनी वही उघडिली. मुलीचा जन्म होता, मृत्यू नव्हता. पंतांस बोलाविले. पंतांनी वहीचे नियम दोन घटका चाळिले आणि एके ओळीवर बोट ठेविले. वहीचा एक नियम ऐसा, की जन्माचे आधी मृत्यू नाही. मुलगी दहा वाजता जन्मली आणि वहीचे हिशेबी सात वाजून वीस मिनिटांनी वारली, म्हणोन वहीने ती नोंद "पोचले" म्हणून घेतली आणि गुपचूप बाहेर टाकून दिली.

बाई म्हणाल्या, "पंत, त्या दिवशीचा तास द्या मला. एका मिनिटाला द्या."

"नाही देता येत, बाई. मागे जायचं दार मीच बुजवलं, आणि किल्ली पुसली," पंत म्हणाले आणि रडू लागले. साठ वर्षांचा माणूस सर्वांदेखत रडला.

मग बाईंनी सगुणेस जवळ बसवून घेतले आणि सर्व सांगितले, आपली चूक झाकली नाही. म्हणाल्या, "लिहिता येईल ते फक्त आत्ताचं येईल. आज लिहिलं तर तुझी पोर आज गेली असं होईल. त्रेचाळीस दिवस जगली असं होईल. नाही लिहिलं तर ती आहे असंच राहील, पुढच्या लशीचा कागद येईल, मग शाळेचा येईल. दोन्ही खोटं आहे. सत्तावीस वर्षांत मी असं लिहिलं नाही. तू सांगशील ते करते."

सगुणेने वहीकडे पाहिले. तीस अक्षर येत नव्हते. मग विचारिले, "तिचं नाव काय लिवलंया तितं?"

"नाव नाही. अनाम बालिका."

"तीन तासाच्या पोरीला कोन नाव ठिवतंय," सगुणा म्हणाली. "घरात बी कुनी तिचा इषय काढत न्हाई. सासू म्हनती, इसर. पर त्रेचाळीस दिस म्हंजी बारसं झालं असतं न्हवं, बाई?"

बाई म्हणाल्या, "झालं असतं."

"मग तसंच लिवा. आन नाव लिवा. मंजुळा."

लुमाजी भिंतीकडे तोंड करून उभा होता. द्वारकाबाईंनी चष्मा पुसला, अनाम हा शब्द खोडिला आणि मंजुळा लुमाजी गवंडी ऐसे नाव घातले, आणि मग मृत्यूची नोंद दिली. तास वहीने आपणच घेतला, बारा वाजून चार मिनिटे, तो अगदी खरा होता. बाई उठल्या, कचेरीची किल्ली मेजावर ठेविली, आणि त्या दिवसानंतर वहीपुढे बसल्या नाहीत.

इत्यर्थ येणेप्रमाणे. यजमान अद्यापि परके नाव सांगतो, हुजरे मानितात, घड्याळ एक पळही चुकत नाही, आणि सरकारांनी पंतांस शालजोडी दिली ती पंतांनी घेतली नाही. वहीत मंजुळा लुमाजी गवंडी त्रेचाळीस दिवस जगली ऐसे लिहिले आहे. ती पावणेतीन तास जगली, हे या कागदाखेरीज कोठेही लिहिलेले नाही.