लांब कानांची मूर्ती

शनिवारी दुपारी घरात काहीतरी उपयोगाचं काम करावं, असं मला वाटलं. (लग्नानंतर असं दोनदाच वाटलं. पहिल्या वेळी बेसिन फुटलं होतं.)

रविवारी मेहुणा येणार होता. तो संग्रहालयात जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करतो. सासरेबुवांनी बायकोला दिलेली, सोन्याचा वर्ख लावलेली जुनी लाकडी बुद्धमूर्ती आमच्याकडे नीट राहते का, हे तो बघणार होता. नाहीतर घेऊन जाणार होता. बायको आठवडाभर त्याच धास्तीत होती. मूर्ती काळवंडली होती, म्हणून मी पितळेची भांडी घासायचं पॉलिश काढलं. मूर्ती लाकडाची आहे हे मला ठाऊक होतं, पण वरून चकचकीत दिसलं की झालं, हा आमच्या ऑफिसचा खाक्या.

पहिल्यांदा धूळ निघाली. मग सोनं निघालं. मग तांबडा थर, आणि मग नुसतं लाकूड. तिथे थांबायला हवं होतं. पण एक गाल उघडा पडला म्हणून मी दुसराही घासला, निदान सारखे तरी दिसावेत.

रविवारी मेहुण्याने मूर्ती बघितली, चष्मा पुसून पुन्हा घातला आणि हे कुणी केलं, असं विचारलं. दमट हवेने झालं असेल, असं मी सांगितलं.

"भावोजी, हा उजवा हात बघा," तो शांतपणे म्हणाला. "जमिनीला टेकलाय. म्हणजे भूमीला साक्षीला बोलावलंय."

भूमीची गरज नव्हती. माझ्या नखांत अजून सोनं होतं.

"आणि कान एवढे लांब कशाला?" मी विषय बदलला.

उत्तर बायकोने दिलं. "सगळ्यांचं ऐकून घेतो म्हणून. बाबांनी त्यासाठीच दिली मला ही. तुम्हाला बघून आल्यावर."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. बावीस वर्षं रोज सकाळी कप हातात घेऊन ती मूर्तीसमोर पुटपुटायची आणि मी त्याला जप समजत होतो. मला सांगायचं राहिलेलं सगळं होतं ते. खरं सांगतो, त्या लाकडाचा मला हेवा वाटला.

मेहुणा मूर्ती चादरीत गुंडाळून घेऊन गेला. बायको दारापर्यंतही गेली नाही.

सोमवारी मी मुद्दाम लवकर उठलो, चहा केला आणि मूर्तीच्या रिकाम्या स्टुलासमोर खुर्ची टाकून बसलो. आता सांगायला तिला माझ्याशिवाय होतं कोण?

ती आली. कप उचलला.

"जरा सरका," म्हणाली.

मी सरकलो, आणि ती स्टुलाशी बोलू लागली.