सोनकी खार आणि खुशीचे वीस काजू

एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीत एक बोट होती. नाव म्हणू नका हं, बोटच म्हणा. नावेत बसलं की पलीकडे जाता येतं. या बोटीत बसून कुणी कुठंच जात नसे. सात दिवस ती नदीतून मिरवायची आणि जिथून निघाली तिथंच परत यायची. एवढ्यासाठी प्राणी वर्षभर काजू साठवत. हो, त्या जंगलात काजू चालत. हसू नकोस रे निमकर, आपल्याकडे कागद चालतो तेव्हा कुणी हसतं का?

बोटीचं नाव जलमहाल. मालक मगरशेट. बोटीला तीन मजले होते आणि चिखलाचे दोन हौद होते, एक गार आणि एक कोमट. दिवसातून सहा वेळा जेवण मिळे. पाचव्या जेवणाला कुणालाच भूक नसे, पण काजू मोजलेत म्हणून सगळे येत आणि कण्हत कण्हत जेवत.

या बोटीवर सोनकी नावाची एक खार खोल्या आवरायची. तिच्या नवऱ्याला ससाण्यानं उचललं होतं. तिची तीन पिलं लांब एका उंबराच्या ढोलीत नणंदेजवळ होती.

नणंद तोंडाची फटकळ, पण मनाची वाईट नव्हती. ती म्हणाली होती, "वहिनी, पावसाळ्यापर्यंत सांभाळते. पुढचे चार महिने त्यांचं तू बघ. माझी स्वतःची चार आहेत, मी तरी कुठून आणू?"

पावसाळ्यात खारीला फांदीवर काही मिळत नाही. एका पिलाला तो काढायला वीस काजू लागतात. तीन पिलांना किती? शाबास. साठ. वहीत लिहा, पुढं लागणार आहे.

सोनकी नोकरी मागायला गेली तेव्हा कचेरीत घोरपड बसली होती. पाहुण्यांची बिलं आणि नोकरांची भरती दोन्ही तिच्याकडे होतं.

"पगार महिन्याला दोन काजू," घोरपड म्हणाली.

"दोनच?"

"अगं, बाकीची खुशी. पाहुणे खुश झाले की देतात. खुशीला मर्यादा नाही."

वरून मर्यादा नाही तशी खालूनही नाही, हे घोरपडीनं सांगितलं नाही आणि सोनकीनं विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते असं शहाणे म्हणतात. शहाण्यांचं काय जातं म्हणायला!

तर सोनकी कामाला लागली. बोटीवर एक पद्धत होती. पाहुणे संध्याकाळच्या जेवणाला गेले की त्यांच्या बिछान्यावरचं केळीचं पान बदलायचं, आणि जादा पानांच्या घड्या घालून त्या पाहुण्याचाच प्राणी करून उशाशी ठेवायचा. मोराला मोर, सांबराला सांबर. यात सोनकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा अस्वलाचं पोट घडीत मावेना, म्हणून तिनं जरा बारीक अस्वल केलं. अस्वल इतकं खुश झालं की दिवसभर ते पान सगळ्यांना दाखवत हिंडलं. "हा मी!" म्हणायचं. खुशी दिली का? धीर धरा, सांगतो.

खुशी शेवटच्या दिवशी द्यायची, अशी रीत होती. पहिल्या दिवशी दिली की नोकर हसायचे थांबतात, असा पाहुण्यांचा अनुभव होता. वास्तविक पहिल्या दिवशी कुणी कधी दिलीच नव्हती, तेव्हा हा अनुभव त्यांना कुठून आला कोण जाणे. पण त्यामुळं नोकर सात दिवस हसत. अस्वलानं शेवटच्या दिवशी एक काजू दिला. तोही अर्धा खाल्लेला होता.

स्वयंपाकघरात रंगोबा नावाचा म्हातारा वानर होता. त्यानं बोटीवर उभी हयात काढली होती. सोनकी त्याला काका म्हणायची.

"काका, असं कसं हो? सात दिवस 'सोनकी, सोनकी' करतात, आणि उतरताना ओळख देत नाहीत."

"पोरी, उतरताना सगळ्यांना जिना दिसतो," रंगोबा म्हणाला. "हसत राहा. थेंबे थेंबे तळे साचे."

थेंबे थेंबे साचलंही. अर्धा काजू इथं, एक तिथं, कधी एखादी हरिणी दोन द्यायची. चार महिने झाले, शेवटची सहल उरली, तेव्हा मिळालेला पगार धरून सोनकीकडे चाळीस काजू झाले होते. वीस कमी होते. वीस काजू म्हणजे एका पिलाचा पावसाळा. कामात असली तरी सोनकीच्या डोक्यात तेवढंच घोळत असे. कुठल्या पिलाचा, हा विचार मात्र ती करत नसे. आई आहे शेवटी.

शेवटच्या सहलीला गजराबाई आल्या. गजराबाई म्हणजे हत्तीण. मोठं घराणं, मोठं मन, आणि बोटीवरची सगळ्यात मोठी खोली. सोनकीनं पहिल्याच संध्याकाळी अकरा पानं जोडून असा हत्ती केला की गजराबाईंनी सोंडेनं डोळे पुसले.

"काय गं हात तुझे! पगार किती देतात?"

"दोन काजू, बाईसाहेब."

"दिवसाला?"

"महिन्याला."

"अगंबाई! एवढे तर माझ्या दातात अडकतात. मुलंबाळं?"

"तीन आहेत. त्यांच्या पावसाळ्याला वीस काजू कमी पडतायत बघा."

गजराबाई ताडकन उठल्या. बोट कलंडली. "थांब! मी बघते त्या शेटकडे!"

"नका हो बाईसाहेब," सोनकी काकुळतीला आली. "कुणाकडे नका बघू. तुम्ही फक्त शेवटच्या दिवशी माझ्याकडे बघा."

"छे छे! भीक कशाला? तुला हक्क मिळाला पाहिजे!"

सोनकीनं हे रंगोबाला सांगितलं तेव्हा त्यानं पळी खाली ठेवली. "मेलीस. पाहुण्याला दया आली तर खुशी मिळते. राग आला तर सभा भरते."

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावर सभा भरली. अस्वलही होतं, ते त्याच मोसमात दुसऱ्यांदा आलं होतं. मोर होता, सांबरं होती, एक जाडजूड रानगवा होता. गजराबाई तावातावानं बोलल्या. महिन्याला दोन काजू हे ऐकून सगळे हळहळले. अस्वलानं तर कठड्यावर पंजा आपटला. चार महिने जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं, ते आज कळलं होतं ना.

मगरशेट पाण्यातून वर आले.

"पगार वाढवा!" गजराबाई गरजल्या. "नाहीतर मी सिंहमहाराजांकडे जाते!"

"अवश्य जा, बाई," मगरशेट अदबीनं म्हणाले. "पण आमचा झेंडा पाहिलात का?"

सगळ्यांनी वर पाहिलं. झेंड्यावर एक कासव होतं. नदीच्या मधोमध एक खडक आहे, त्याचं नाव कासवखडक. त्यावर एक म्हातारं कासव झोपलेलं असतं. ते राज्य वेगळं. बोट त्या राज्याची, कायदाही त्या राज्याचा. आणि त्या राज्यात कायदा एकच आहे, कासवाला उठवायचं नाही.

"पण मी कायद्यावर बोट ठेवून वागणारा नाही," मगरशेट म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मगरीचे डोळे भरून आले की काय समजायचं ते पाचवीत शिकवतील. "मी मनानं वागतो. माझ्या लेकरांची खुशी यापुढं कुणाच्या लहरीवर राहणार नाही. आजपासून प्रत्येक पाहुण्याच्या बिलात वीस काजू खुशी आधीच लावली जाईल. ज्याची खोली जी आवरेल, तिला ते मिळतील!"

सोनकी बोटांवर मोजू लागली. तिच्याकडे पाच खोल्या होत्या. वीस पंचे शंभर! तिला तर वीसच हवे होते. तिनं रंगोबाचा हात घट्ट धरला.

टाळ्या सुरू झाल्या होत्या, पण 'पाहुण्याच्या बिलात' हे शब्द हळूहळू पाहुण्यांच्या डोक्यात शिरले. पंजे खाली गेले. मोरानं पिसारा मिटून घेतला.

"आणि पगार, शेट?" मागून रंगोबानं विचारलं.

"खुशी पक्की झाल्यावर पगार कशाला रे? दोन काजूंनी कुणाचं काही होत नाही, हे बाई आत्ताच म्हणाल्या. या महिन्यापासून तो बंद."

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. पण सोनकीला त्याचं काय! उरलेले दिवस ती गाणं गुणगुणत होती. तिनं गजराबाईंना रोज नवा हत्ती करून दिला. बसलेला हत्ती, उभा हत्ती, सोंड वर केलेला हत्ती.

कचेरीच्या खिडकीशी एक बारकी पाटी लागली होती, ती तिनं वाचली नव्हती. 'ज्यांना खुशी द्यायची नसेल त्यांनी ती बिलातून काढून घ्यावी. कारण विचारलं जाणार नाही.'

शेवटच्या दिवशी सकाळी त्या खिडकीसमोर रांग लागली. पाचव्या जेवणालाही इतकी रांग लागत नसे.

कारण कुणी विचारत नव्हतं, तरी प्रत्येक जण सांगत होता. "मला जबरदस्ती आवडत नाही," अस्वल म्हणालं. "मागितली नसती तर मनापासून दिली असती." मोर म्हणाला, "माझ्या पानाच्या मोराला सतराच पिसं होती." रानगवा म्हणाला, "यांना सवय लावली की पुढच्यांना त्रास होतो." घोरपड मान डोलवत होती आणि एकेकाची खुशी पुसत होती.

सोनकी जिन्यापाशी उभी राहून हसत होती. शेवटचा पाहुणा उतरेपर्यंत हसायचं, असा नियमच होता. रांगेच्या शेवटी तिला गजराबाई दिसल्या आणि तिच्या जिवात जीव आला. या आता सगळ्यांना फैलावर घेणार, तिला वाटलं. सगळे गेले तरी चालतील. एकट्या बाईंचे वीस मिळाले तरी पावसाळा निघेल.

गजराबाई खिडकीशी आल्या. सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझीही खुशी काढा!"

सोनकीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते काढायचं कसं हे ती चार महिन्यांत विसरली होती.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," गजराबाई वळून म्हणाल्या. "शेटनं द्यायचं ते आम्ही का द्यायचं? मी दिले तर उद्या त्याचं फावेल. सोनकी, हे मी तुझ्यासाठीच करतेय गं!"

बाळांनो, बाई बोलल्या त्यातलं एक अक्षर चूक नव्हतं. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, मलाही त्यात चूक सापडली नाही. म्हणूनच मला फार संताप येतो.

सोनकी जिना उतरून त्यांच्या मागं गेली. तिच्या डोक्यावर त्यांच्याच सामानाचं गाठोडं होतं, त्यात पानांचे सातही हत्ती नीट बांधलेले होते. काठावर पोचल्यावर ती पहिल्यांदाच न हसता बोलली.

"बाईसाहेब, तत्त्व राहू द्या. मला वीस काजू द्या."

गजराबाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी सोंड तिच्या पाठीवरून फिरवली. "अगं, इतकी स्वस्त नको समजूस स्वतःला! मी तुझ्याबद्दल लेखी दिलंय बघ." आणि त्यांनी सागाचं एक मोठं पान तिच्या हातात ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, 'इतकी हसतमुख खार मी पाहिली नाही. आम्ही सगळे तिच्या बाजूचे आहोत.' मग त्या हत्तींचं गाठोडं उचलून झुलत झुलत निघून गेल्या.

बोटीवर निरोपाचा समारंभ झाला. मगरशेट म्हणाले, "कष्टाचं फळ गोड असतं," आणि सोनकीला मोसमातली सर्वांत हसरी नोकर म्हणून फुलांचा हार घातला. पगार गेला, खुशी गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

सोनकी ढोलीत पोचली. पिलांना मिशा फुटल्या होत्या. तिघं तिच्या अंगावर चढली. नणंदेनं काजू बघितले आणि पहिल्यांदाच तिला काही फटकळ सुचलं नाही.

"चाळीसच गं, वहिनी?"

"चाळीसच."

धाकट्यानं सागाचं पान ओढलं. सोनकीनं सवयीनं त्याच्या घड्या घातल्या. बघता बघता हत्ती झाला. पिलांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, हा खायचा?" धाकट्यानं विचारलं.

"नको रे," सोनकी म्हणाली. "तो आपल्या बाजूचा आहे."

तिनं काजूंचे तीन वाटे केले. चाळीसचे तीन सारखे वाटे होत नाहीत, हे तुम्हांला चौथीतच शिकवलंय. तिनं धाकट्याला एक जास्त दिला. स्वतःला वाटा ठेवलाच नाही. बाहेर आभाळ भरून येत होतं.

पावसाळा संपला. बोट पुन्हा रंगवली. सोनकी पुन्हा कचेरीत गेली. बरीच वाळली होती, पण हसत होती.

घोरपडीनं तिला लगेच ओळखलं. "ये ये! मागच्या वर्षी तुझं काय ते साठ काजूंचं चाललं होतं ना? या वर्षी किती लागतील?"

"चाळीस," सोनकी म्हणाली.

"बघ!" घोरपड कौतुकानं म्हणाली. "समजूतदारपणानं राहिलं की गरजा कमी होतात."

नाही निमकर, पुढं काही नाही. डोळे पूस आणि वही उघड.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं. म्हणून ते कष्ट करणाऱ्याला देऊ नये, त्याचे दात किडतात. त्याला तत्त्व द्यावं. ते कितीही दिलं तरी आपलं कमी होत नाही.