साळूबाईंची मलई

"मलाई दिलमाया चाहियो," साळूबाई म्हणाल्या.

नाश्त्याच्या टेबलावर ज्ञानेश एका मोबाइलमध्ये होता आणि स्नेहा दुसऱ्या. त्यामुळे अख्खं वाक्य कुणाच्याच कानात शिरलं नाही. मुलाला मलई ऐकू आली, सुनेला चहा.

"आई, मलई बंद आहे तुला," ज्ञानेश मान वर न करता म्हणाला. "कोलेस्टेरॉल किती आलं होतं?"

"आणि चहा आत्ताच झालाय तुमचा," स्नेहाने भर घातली.

ज्ञानेशचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं आणि स्नेहा कॉलेजातल्या मुलांना संवादकौशल्य शिकवायची. दोघांनाही कामाचा फार ताण असे. दोन वर्षांपूर्वी साळूबाई लासलगावकडच्या गावी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्यांना नाशिकला आणलं. ब्युरोतून चोवीस तासांची मावशी ठेवली. पहिली महिन्यात पळाली, दुसरी पंधरा दिवसांत. तिसरी नेपाळची, ती टिकली. वय सव्वीस, पण घरात तिलाही मावशीच म्हणत. स्नेहाच्या फोनमध्ये तिचा नंबर 'मावशी ३' म्हणून होता. पहिल्याच दिवशी स्नेहाने तिला कामाची यादी दिली. गोळ्या, मालिश, आंघोळ, व्यायाम, आणि शेवटी 'आईंशी बोलत जाणे'. तेवढंच घरच्यांकडे उरलं होतं, तेही देऊन टाकलं.

मावशीला मराठी येत नव्हतं आणि साळूबाईंना हिंदी. पण काम म्हणजे काम. महिनाभर खाणाखुणा झाल्या, मग त्या खोलीतून बोलणं ऐकू यायला लागलं आणि पुढे हसणं. कुठल्या भाषेत, ते बाहेर कळत नसे. स्नेहाला मात्र शंका आली की या दोघी आपल्यालाच हसतात. शंका अगदी बरोबर होती. सोमवारी तिने ब्युरोला फोन करून, सिलिंडर बदलून मागावा तशी मावशी बदलून मागितली. जुनी त्याच दिवशी गेली, बदली मावशी पुढच्या सोमवारी येणार होती.

त्या दिवसापासून साळूबाई हे एकच वाक्य बोलत होत्या. सोमवारी ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मंगळवारी स्नेहाला वाटलं, कवळी बसवलेली नाही. आज बुधवार होता, आणि साळूबाईंनी टेबलावर हात आपटून तिसऱ्यांदा सांगितलं, "मलाई दिलमाया चाहियो!"

ज्ञानेशने आता कुठे मान वर केली. "दिल म्हणाली का गं ती? स्नेहा, दिल म्हणाली. छातीत दुखतंय तिला."

"छातीला आई दिल कशाला म्हणतील? पण शब्द नीट येत नाहीयेत, ते खरं. जीभ जड झालीय. अहो, हा स्ट्रोक असेल."

मग मात्र दोघांनी भलतीच धावपळ केली. अॅम्ब्युलन्स आली. स्नेहाने नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आई सिरीयस, प्रार्थना करा' असं टाकलं, त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. हॉस्पिटलात साळूबाईंच्या छातीला वायरी लावल्या, मेंदूचा स्कॅन काढला. हृदय ठीक निघालं, मेंदूही.

"या शेवटचं नीट कधी बोलल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नवऱ्याकडे.

"दसऱ्याला काहीतरी म्हणाल्या होत्या," स्नेहा म्हणाली. दसरा होऊन दोन महिने झाले होते.

डॉक्टरांनी वाचा गेल्याची शक्यता कागदावर लिहिली आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. तेवढ्यात दार्जिलिंगची एक नर्स सलाइन लावायला आली. साळूबाईंनी तिलाही तेच सांगितलं. नर्सचा हात थांबला. तिने काहीतरी विचारलं, साळूबाईंनी भराभर उत्तर दिलं, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी मुलगा आणि सून नुसते बघत राहिले.

"आपकी मम्मी नेपाली कहाँ सीखीं?" नर्सने विचारलं. "बोल रही हैं, मुझे दिलमाया चाहिए."

"दिलमाया कौन?" ज्ञानेश म्हणाला.

"वो तो आपको पता होगा."

त्याला पत्ता नव्हता. स्नेहा म्हणाली, आईंची लहानपणची मैत्रीण असेल. ज्ञानेशने लगेच लासलगावला कारभारी मामांना फोन लावला.

"मामा, आईची कुणी दिलमाया नावाची मैत्रीण होती का?"

"आरं, ती तुमच्या घरातली पोरगी ना," मामा म्हणाले. "मागं मी आलतो तवा दोन येळा चहा दिला तिनं मला. लय गुणाची हाय."

मामा त्या घरात एकदाच आले होते, तेही तासाभरासाठी. ज्ञानेशने फोन ठेवला आणि बायकोपुढे हात केला. तिने 'मावशी ३'चा नंबर काढून दिला. स्वतः लावायला ती तयार नव्हती.

"हॅलो, मैं ज्ञानेश बोल रहा हूँ."

"कौन ज्ञानेश?"

"अरे, साहब."

"कौन से साहब?"

ज्ञानेश नर्सकडे पाठ करून, आवाज बारीक करून म्हणाला, "साळूबाई का लडका."

"अच्छा, आमा का छोरा. आमा ठीक हैं ना? उनको फोन दो."

आमाला फोन दिला. वीस मिनिटं बोलणं चाललं. मोठे डॉक्टर आले, दाराशी थांबले, ऐकून निघून गेले. शेवटी साळूबाईंनी डोळे पुसले आणि फोन मुलाच्या हातात ठेवला.

"उद्या येती म्हणली," त्या म्हणाल्या. "ब्युरोवाल्यानं तिला दुसरं घर दिलं व्हतं, पण तिथं नाय जात म्हणली. आता तिला काढायचं नाय."

शब्द अगदी खणखणीत होते. स्नेहाचा चेहरा लाल झाला. हॉस्पिटलभर नाचक्की झाली होती आणि ग्रुपवर अजून प्रार्थना चालू होत्या.

"आई, एवढं छान मराठी बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "मग तीन दिवस मराठीतच का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. सोमवारी तिची बॅग भरंस्तवर सांगत व्हते, या पोरीला काढू नका म्हणून. मराठीतच सांगितलं," साळूबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळंना. मग म्हणलं, दुसऱ्या भाषेत सांगून पाहू."