नेटचा पाट

एका जंगलात, नदीच्या उतारावर, साळिंदरांचं एक ऐसपैस बीळ होतं. ऐसपैस म्हणजे कसं, बाळांनो, तर खोल्या पुष्कळ आणि बसायची जागा एकच. सगळं घर पुढच्या दालनात बसायचं. कारण नेटचा डबा पुढच्या दालनात होता.

तिथं धोंडोतात्या कंदमुळं कडाकडा चावत बातम्या ऐकायचे. त्यांचा धाकटा मुलगा बाबू कोंबड्यांच्या झुंजी बघायचा आणि हरणाऱ्या कोंबड्याला शिव्या घालायचा. नातवंडं गाणी लावायची, तीही एकाच वेळी वेगवेगळी. तात्यांची बायको भागीरथीबाई कोपऱ्यात बसून लांबच्या बहिणीशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे "काय? काय म्हणालीस?" एवढंच म्हणायच्या. त्यात ही सगळी साळिंदरं. एकानं कूस बदलली की शेजारच्याला काटे टोचायचे, आणि मग तो भांडायला उठायचा.

आणि या गोंधळात बसून थोरल्या सुनेला, सगुणाला, शाळा घ्यायची होती.

सगुणाला नदीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली होती. नदीला पूल नव्हता, त्यामुळे शिकवायचं ते नेटवरून. पिल्लं तिकडे, बाई इकडे. टिटवीबाई या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगुणाला आधी पारखून घ्यायचं आणि मगच कायम करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्याच तासाला सगुणा म्हणाली, "क कमळाचा." मागून बाबू ओरडला, "अरे धर की नरडं त्याचं!" पलीकडची सगळी पिल्लं आयांच्या पोटाखाली शिरली. दुसऱ्या तासाला तात्याच आले. कमरेला पंचा, तोंडात रताळं. पडद्यासमोर वाकून त्यांनी एकेका पिल्लाला विचारलं, "तू कुणाचं रं? आजा काय करतो तुझा?" सगळ्यांच्या आजोबांची चौकशी होईपर्यंत तास संपला.

संध्याकाळी टिटवीबाईंचा फोन आला. "सगुणाबाई, तुम्ही शिकवता छान. पण आमची पिल्लं अक्षरांपेक्षा शिव्या लवकर शिकली. सोमवारी मला शांतता हवी. नाहीतर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

सगुणाला रडूच आलं. घरात ती सून होती, वहिनी होती, काकू होती. हाक आली की ती उठायची. त्या एका तासापुरती ती स्वतःची कुणीतरी होती, आणि तोच तास आता जायला निघाला होता.

बिळाच्या अगदी मागच्या टोकाला एक खोली होती. कोरडी, शांत, सुरणाची टोपली सोडली तर रिकामी. दाराला लावायला चांगला जाड दगड. तिथं फक्त एक गोष्ट नव्हती. नेट.

सगुणा पदर सावरून तात्यांपुढे उभी राहिली. "मामंजी, नेट मागच्या खोलीत नेता येईल का?"

इथं तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या उभा जन्म पाटकरी होते. नदीचं पाणी आज कुठल्या चारीला सोडायचं, कुठल्या चारीचं तोडायचं, हे तेच ठरवायचे. आडदांड रानडुकरंसुद्धा त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची. त्यामुळे तात्यांना जगातली प्रत्येक गोष्ट पाण्यासारखीच दिसायची आणि पाण्यासारखीच कळायची.

"न्यायला काय झालं?" तात्या म्हणाले. "पण ती खोली पडली टेलला, पाटाच्या पार शेवटाला. टेलला पोचायचं तर उतार पायजे."

मग उतार देण्याचं काम सुरू झालं. डबा खालच्या दगडावरून उचलून उंच फळीवर ठेवला. त्याचं तोंड मागच्या खोलीकडे केलं. वाटेतल्या चपला, टोपल्या, एक झोपलेला मावसभाऊ, सगळं बाजूला केलं, कारण तात्यांच्या मते त्यानं ओघ अडत होता. मागच्या खोलीत सगुणाच्या फोनवर एक बारीक रेघ आली. तात्या आनंदानं उठून बघायला गेले, दारात उभे राहिले, आणि रेघ गेली.

"पाझरतंय वाटेत," तात्यांनी निदान केलं. "पाइप टाका."

सोमवारी सकाळीच सुतारपक्षी आला. त्यानं भिंती टोकरल्या, भोकातून वायर ओवत नेली आणि मागच्या खोलीत दुसरा डबा बसवला. हा सुतारपक्षी कामाचा चोख होता. पण ज्याच्या घरचा चहा, त्याच्या होला हो, असा त्याचा स्वभाव.

"म्हंजे पुढचं तोडून मागं वळवलंस," तात्या म्हणाले.

"तसंच समजा, तात्या," सुतारपक्षी चहाकडे बघत म्हणाला.

तात्यांनी दालनाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "ऐका रे सगळे. नेट आता मागच्या खोलीला सोडलंय. इथं थेंब राहिलेला न्हाय."

पुढचा डबा फळीवर लुकलुकत होता. पण त्याच्याकडे बघतो कोण? वाहत्या गोष्टींच्या बाबतीत तात्यांचा शब्द आजवर कुणी तपासला नव्हता.

सगुणा तोवर मागची खोली झाडत होती. तिनं भिंतीवर कमळाचं चित्र लावलं, बसायला पानं अंथरली आणि मागे वळली. दारातून बाबू आत येत होता. त्याच्यामागे नातवंडं. त्यांच्यामागे कंदमुळांची टोपली घेऊन तात्या. मावसभाऊ तर येऊन झोपलासुद्धा.

"अहो मामंजी, ही खोली मला शाळेसाठी..."

"तुलाच की. तुला कोण उठवतंय? ये, बस. सरकून बस जरा."

सगुणा सरकून बसली. तिला तीन बाजूंनी काटे टोचले. कोंबड्यांची झुंज सुरू झाली. ती उठली.

ती पुढच्या दालनात आली. दालन रिकामं होतं. इतकं रिकामं तिनं ते लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली. आता टिटवीबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं ती जुळवू लागली. "आमच्या घरी जमत नाही" हे वाक्य तिला काही केल्या पुरं करवेना.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. पडद्यावर टिटवीबाई, आणि त्यांच्यामागे ओळीनं बसलेली पिल्लं. चित्र स्वच्छ. आवाज स्वच्छ.

"सगुणाबाई, वेळ झाली," टिटवीबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान तिरकी करून कान दिला. "आज किती शांत आहे हो तुमच्याकडे."

सगुणानं वर फळीकडे पाहिलं. डबा लुकलुकत होता. तिच्या सगळं ध्यानात आलं. सगुणा सरळ मनाची होती, आणि शिक्षिका होती. कुणी चुकलं की दुरुस्त करायचं, ही तिची सवय. "मामंजी, अहो, इथं पण" एवढे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

ते तिनं गिळले. आधी जाऊन दालनातून मागे जायच्या दाराला दगड ओढून लावला. मग येऊन बसली आणि म्हणाली, "क कमळाचा."

सगुणा कायम झाली. मागच्या खोलीत रोज दाटीवाटी व्हायची आणि पुढे रोज शाळा भरायची. आता हिला दुपारचं एकटीनं बसायला आवडतं, असं घरच्यांना वाटायचं.

एके दिवशी तास चालू असताना दगड सरकला. भागीरथीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. पडद्यावरच्या पिल्लांकडे पाहिलं. मग फळीवरच्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं. संपलं सगळं, असं सगुणाला वाटलं.

भागीरथीबाई लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. कनवटीचा फोन काढून त्यांनी बहिणीला लावला.

मागून तात्यांची हाक आली, "अगं ए, तिकडं काय करत बसलीस? तिकडं नेट न्हाय!"

"ठाऊक हाय मला," भागीरथीबाई म्हणाल्या. "म्हणून तर जरा पडलेय." आणि त्यांनी उठून दगड पार बसवून टाकला.

तात्पर्य: बाळांनो, वडीलधाऱ्यांचा शब्द कधी खाली पडू देऊ नये. तो साफ चुकीचा असेल, तर मुळीच नाही.