किडकं पीठ मागणारे साळवे सर

शेजारी एकमेकांकडे काय मागतात? वाटीभर साखर, विरजणापुरतं दही, फार तर शिडी. आमचे साळवे सर चपला एका रेषेत काढून दारात उभे राहायचे आणि अत्यंत अदबीने विचारायचे, "ताई, तुमच्याकडे अळ्या पडलेलं पीठ आहे का?"

भिंगारच्या आमच्या गल्लीत या प्रश्नाने जेवढी माणसं दुखावली, तेवढी निवडणुकीतसुद्धा दुखावली नसतील. घरातल्या पिठात अळी निघणं ही एक गोष्ट. ती निघतच असणार असं धरून कुणीतरी दारात येणं, ही फार वेगळी गोष्ट. ज्यांच्या डब्यात खरोखरच अळ्या होत्या, त्यांनी दार जरा जास्त जोरात लावलं.

सर पीटीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली तरी पाठ सरळ आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी ते रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये जातानाच काढायचे. आयुष्यभर मैदानावर पोरांना एकच सांगत आले, 'हललं पाहिजे.' निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी जगाला लावला. गॅस सिलिंडर आणणारा माणूस दारात उभा राहिला तरी सर म्हणायचे, "थांबू नका, हललं पाहिजे." तो बिचारा सिलिंडरसकट जागच्या जागी पावलं टाकायचा.

आम्हाला त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला तो माझ्या पदवीमुळे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. गावात या पदवीचा उपयोग एकदाच करून पाहण्यात आला. एक म्हैस व्यायला अडली आणि लोक मला घेऊन गेले. मी बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती नावांसकट काढू शकत होतो, पण म्हशीला त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, लग्न झालं आणि खोली शोधत सरांच्या दारात आलो. काय शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सर उठून उभेच राहिले.

"प्राणिशास्त्र? देवाने वेळेवर पाठवलं तुम्हाला. आत या, पेशंट दाखवतो."

आत जेवणाच्या टेबलावर तारेचा पिंजरा होता आणि त्यात मुठीएवढा, बदामी रंगाचा, शेपूट जवळजवळ नसलेला एक प्राणी बसला होता. हॅमस्टर. पुण्याला दिलेल्या त्यांच्या मुलीकडे तो होता, पण त्याच्यामुळे नातीला शिंकांवर शिंका यायला लागल्या, म्हणून बुटाच्या खोक्यात बसून तो भिंगारला आला. नातीने त्याचं नाव कुठल्याशा केकवरून ठेवलं होतं. सरांनी ते बदललं. जिवंत जिवाला खाण्याच्या वस्तूचं नाव देऊ नये म्हणाले. बायबलातला मोशे टोपलीतून सापडला, हा खोक्यातून सापडला, म्हणून याचं नाव मोशे.

आता, मी ज्या घरात वाढलो तिथे उंदीर म्हणजे कणगीचा वैरी. वडील त्याच्यासाठी गोळ्या आणत आणि त्या खाऊन तो कुठे मेला हे वासावरून शोधायचं काम माझं. इथे एक शिकलेला माणूस त्याच जातकुळीतल्या जिवाला ताटासमोर घेऊन बसला होता. सरांनी मला विचारलं, याला काय खायला द्यावं? हॅमस्टर आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य पदवी मिळाल्यापासून माझ्या तोंडातून निघत नव्हतं. गावाने एवढ्या कौतुकाने सत्कार केला होता, तो वाया गेल्यासारखं वाटायचं. मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "प्रथिनं."

तिथून सगळं सुरू झालं.

प्रथिनं म्हणजे किडे, आणि किडे म्हणजे जिवंत. मेलेला नाकतोडा मोशे खायचा, पण बसल्याबसल्या, कंटाळल्यासारखा. जिवंत टाकला की त्याचे कान उभे राहायचे, मिशा थरथरायच्या, झडप घालून तो नाकतोडा दोन्ही हातांत धरायचा आणि कणीस खाल्ल्यासारखा खायचा. सर मला कोपर मारून म्हणायचे, "बघा, बीएस्सी. हललं पाहिजे. समोर हललं की भूक लागते." ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. बीएस्सी हेच माझं नाव.

सरांचं आणि मोशेचं जेवण एकाच वेळी, एकाच टेबलावर. आधी सर शिट्टी हळूच वाजवायचे, मोशे भुशातून बाहेर यायचा. मग सर डोळे मिटून प्रार्थना करायचे, की हे अन्न तू आम्हा दोघांना दिलंस त्याबद्दल आभार. नाकतोड्याच्या वतीने कुणी काही बोलत नसे.

पावसाळा संपत आला की मैदानावरच्या गवतात नाकतोडे मायंदाळ. सकाळी शाळेत जायच्या आधी सर मला शिकारीला न्यायचे. त्यांच्या हातात चहाची मोठी गाळणी, माझ्या हातात टॉवेल. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मला किड्यांची भीती वाटते. कॉलेजात झुरळाचं विच्छेदन माझ्या शेजारच्या मुलीने करून दिलं होतं. मी फक्त आकृती सुबक काढली. सर शिट्टी वाजवायचे, मी डोळे मिटून टॉवेलसकट गवतावर पडायचो, नाकतोडा माझ्या पाठीवरून निघून जायचा. "बीएस्सी, डावीकडे. बीएस्सी, तुमच्या कॉलरवर." फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी थांबून विचारलं, काही हरवलंय का? सर म्हणाले, "नाश्ता." गृहस्थ माझ्या गुडघ्यांवरच्या मातीकडे बघत, मागे वळून वळून पाहत गेले. दुर्दैवाने ते माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील निघाले.

दिवाळीच्या आसपास मोशे मंदावला. नाकतोडा समोर उडी मारायचा आणि मोशे नुसता बघायचा. कधी नाकतोडाच त्याच्या अंगावर बसायचा. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असतं, हे मी तोवर मोबाईलवर वाचलं होतं. मोशे म्हातारा झाला होता. पण सरांनी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "नाकतोडे जड जात असतील. पिठातल्या अळ्या हलक्या."

म्हणजे गल्लीभर दारं लावली गेली ती माझ्यामुळे.

आमचंही दार सुटलं नाही. आई गावाहून आली होती, येताना बाजरी घेऊन. सरांनी वर येऊन आईला नमस्कार केला आणि विचारलं, यातली थोडी किडकी असेल का? आई बाजरीत कडुलिंबाचा पाला घालते, राख घालते, उन्हं दाखवते. तिच्या दाण्याला कधी कुणी नाव ठेवलेलं नाही. ती सरांकडे बघतच राहिली. सर गेल्यावर मला म्हणाली, "ह्या मास्तरची खोली सोड. मानूस धड न्हाई."

मी तिला सगळं समजावलं. उंदीर कसला, तो जेवत कसा नाही, सर कसे दिवसभर चिमट्यात किडा धरून बसतात. माझ्या बायकोने, मंगलने, तिला खाली नेऊन पिंजराही दाखवला. आई पिंजऱ्यापाशी वाकून बघून आली. दुसऱ्या दिवशी गावी गेली.

दोन आठवड्यांनी गावचा एक जण पिशवी घेऊन आला. आत घट्ट बांधलेला डबा. लगेच आईचा फोन. "त्यात पीठ हाय. पावसाळ्यातलं ऱ्हायलेलं, मुद्दाम तसंच ठिवलं. लई वळवळतंय. त्या मास्तरला दे." मग आवाज खाली आला. "आपल्या घरचं हाय म्हनून सांगू नको."

आईने आयुष्यात कुणासाठी पीठ किडू दिलं असेल, असं मला वाटत नाही.

डबा उघडताना मी तोंड फिरवून उभा होतो. सरांनी आत पाहिलं आणि सोन्याची माळ बघावी तसे बघत राहिले. जाळी धरलेलं पीठ आणि त्यात हलणाऱ्या अळ्या. हे कुठलं, असं त्यांनी विचारलं. बाजारातून आणलं, मी म्हणालो. "इतकं चांगलं बाजारात मिळत नाही," सर म्हणाले, पण पुढे काही विचारलं नाही. त्यांनी चिमट्याने एक अळी मोशेसमोर ठेवली. ती वळली. मोशेच्या मिशा हलल्या. त्याने ती हातात घेतली आणि सावकाश खाल्ली. त्या दिवशी सरांच्या स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास वरपर्यंत आला.

त्या डब्यावर मोशे बरेच दिवस जेवला. मी शाळेतसुद्धा जरा छाती काढून चालत होतो. प्राणिशास्त्र अखेर कामाला आलं होतं. नंतर थंडी वाढली आणि एका सकाळी शिट्टी वाजल्यावर भुशातून कुणी बाहेर आलं नाही.

सरांनी त्याला त्याच बुटाच्या खोक्यात ठेवून अंगणातल्या पेरूखाली पुरलं. प्रार्थना केली. मीही हात जोडून उभा राहिलो. सर रडले नाहीत. खड्ड्यावरची माती बुटाने नीट सपाट केली आणि आत गेले. मला वाटलं, सावरले.

मंगलचं लक्ष असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, सरांची फोडणी ऐकू येत नाही." तिने ताट पाठवलं. संध्याकाळी ते तसंच झाकलेलं परत आलं, वर तिच्यासाठी पेरू ठेवलेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिने दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असं भरगच्च ताट माझ्याच हातात दिलं.

सर टेबलाशी बसले होते. समोर रिकामा पिंजरा, शेजारी आईचा डबा, झाकणाला भोकं पाडलेला. राहिलेल्या अळ्यांना ते अजून कोंडा घालत होते. या बिचाऱ्यांनी काय कुणाचं बिघडवलंय, असं म्हणाले. मी ताट ठेवलं. भूक नाही, ते म्हणाले. मी म्हातारपण, थंडी, पित्त यावर थोडं शास्त्रीय बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आमच्या मिसेस गेल्या ना बीएस्सी, तेव्हा पण असंच झालं होतं. ताट वाढायचं, बघत बसायचं, झाकून ठेवायचं. मुलगी पुण्याहून फोन करायची, जेवलात का. मी सांगायचो, जेवलो. मग हा आला. पहिल्याच दिवशी नाकतोडा धरला आणि माझ्यासमोर बसून खायला लागला. त्याच्याकडे बघता बघता माझी भाकरी कधी संपली, कळलं नाही." त्यांनी पिंजऱ्यातलं चाक बोटाने फिरवलं. "समोर काहीतरी हललं पाहिजे."

एवढे दिवस मी नाकतोड्यांमागे पळत होतो ते कुणाची भूक वाढावी म्हणून, हे प्राणिशास्त्राच्या पदवीधराला आता कळत होतं.

मी पिंजरा उचलून खाली ठेवला आणि त्याच्या जागी बसलो. पोटभर जेवून आलो होतो, तरी एक भाकरी घेतली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने हात शिट्टीकडे गेला, पण त्यांनी ती वाजवली नाही. डोळे मिटून प्रार्थना केली, की हे अन्न तू आम्हा दोघांना दिलंस. डोळे उघडले तरी मी तसाच बसून होतो.

"नुसते बसू नका, बीएस्सी," सर म्हणाले. "हला."

मी भाकरी दोन्ही हातांत धरली आणि कडेने कुरतडायला लागलो. सर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं.