शुद्ध शाकाहारी पाणी

लातुरात क्लासच्या मुलींना खोल्या देणाऱ्या नागम्मांच्या घरावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी ठसठशीत पाटी होती आणि मागच्या हौदात मासे होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याचा माणूस ते गप्पी मासे सोडून गेला, तेव्हापासून नागम्मांनी हौदाकडं पाठ फिरवली होती. त्यांचे यजमान चन्नबसप्पा मात्र माशांवर फिदा होते. त्यांचं बोलणं तोंड उघडून ऐकणारं घरात दुसरं होतं कोण!

त्या सकाळी मासे वर येऊन धापा टाकू लागले. चन्नबसप्पा धावत हौदापाशी आले. कंधारची भार्गवी हौदाच्या कठड्यावर कपडे धूत होती. तिचा ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास चालू होता, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं.

“पोरी, मासे मरायलेत! कशानं गं?”

“काका, पर्याय काय आहेत?”

“पर्याय कुठून आणू? तूच सांग!”

भार्गवीनं डोळे मिटले. “अ, उष्णता. ब, उपासमार. क, साबणाच्या पाण्यानं कल्ल्यांवरचा चिकट थर जातो, श्वास कोंडतो.” तिनं डोळे उघडले. हातातल्या ओढणीचा फेस हौदात ठिबकत होता. “काका... क.”

नळाला पाणी यायला अजून आठवडा होता. बिनसाबणाचं पाणी होतं फक्त स्वयंपाकघरातल्या माठात. नागम्मा पूजेत आहेत असं बघून चन्नबसप्पांनी चहाच्या गाळणीनं मासे धरले आणि माठात सोडले. गाळणीचं काय करायचं, ते नंतर बघू म्हणाले.

तेवढ्यात देवणीचे महादेवप्पा मुलीसाठी खोली बघायला आले. अंड्याच्या धास्तीनं बेकरीचा केकसुद्धा हुंगून खाणारा माणूस! वरची मोठी खोली कधीची रिकामी होती. नागम्मांनी लगबगीनं माठातलं पाणी दिलं.

महादेवप्पांनी पेला तोंडाजवळ नेला आणि थबकले. आत एक गप्पी गिरक्या घेत होता.

“शिव शिव! अवो, घर बुडवलं तुमी!” नागम्मा नवऱ्यावर कडाडल्या.

महादेवप्पांनी पेला उजेडात धरला. “मागल्या घरी पोरीला कावीळ झाली, बाई. मालक म्हनायचा, पानी लई चांगलं हाय. हितं तर मासा जित्ता हाय! खायचा थोडाच हाय, राखायचा हाय. खोली पक्की. पन मी दर महिन्याला येनार. मासे मेलेले दिसले, तर पोर घेऊन चाललो.”

पाहुणे गेल्यावर नागम्मांनी वरच्या मुलींना दरडावलं, “आजपासून कपडे गच्चीवर! हौदापाशी साबन दिसला तर खोली खाली करा!”

आणि पेल्यात डोकावत नवऱ्याला हळूच विचारलं, “अवो, ह्यांना सकाळच्याला खायला काय लागतं?”